गाडीत बसली की बोलेल

"गाडीत बसली की बोलेल गं ती!"

हे माझे सासरे माझ्या सासूबाईंना म्हणाले, स्वयंपाकघरात, अगदी हळू आवाजात… आणि आमच्या नौपाड्यातल्या घरात स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामध्ये जी भिंत आहे ना, ती भिंत कसली, नुसता दोन्ही बाजूंनी दिलेला रंग! त्या रंगाच्या अलीकडे मी, तोंडाला साबण, आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गेलेलं. पाणी असतं तर मला काही ऐकू आलं नसतं, मी सुखात अंघोळ केली असती आणि आज तुम्हाला हे सांगत बसले नसते. पण ऐकलं. काय करणार, डोळे मिटता येतात साबण असला की, कान कुठे मिटता येतात?

सासूबाई म्हणत होत्या, "चार महिने झाले हो. 'हो आई', 'नको आई', 'जेवले आई'. ह्याच्यापुढे शब्द नाही. घाबरते का आपल्याला? आपलं काही चुकतंय का?"

आणि बाबा, म्हणजे सासरे, समजावतायत, "अगं मंदा, घरात कसं, समोरासमोर बसावं लागतं. माणूस बुजतो. गाडीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. कुणी कुणाकडे बघत नाही, मग बोलायला सोपं जातं. घेऊन टाकू या गाडी."

आता मला सांगा, बारा लाखांची गाडी… सून बोलावी म्हणून? अहो, एक कप चहा पुढ्यात ठेवून विचारलं असतंत, "काय गं प्राची, गप्प का असतेस?" तर बारा रुपयांत भागलं असतं! पण नाही. या घरात कुणी कुणाला थेट विचारत नाही, समोरच्याला लागेल म्हणून. आणि मी कुणाला थेट सांगत नाही, समोरच्याला लागेल म्हणून. इतकी गुणी माणसं एका घरात आली की घर कसं शांत होतं बघा.

मी साबण तसाच टॉवेलला पुसून बाहेर आले. आई म्हणाल्या, "झाली अंघोळ?" मी म्हटलं, "हो आई." झालं! मी गप्प.

तुम्ही म्हणाल, ही एवढी बडबडतेय आणि म्हणे गप्प! अहो, आतून बडबडीच आहे मी. आत अखंड चालू असतं. फक्त ते दाराशी येतं, चपला घालतं, आणि परत आत जातं.

बरं, तेही एक वेळ जाऊ दे. खरी पंचाईत पुढेच आहे. मला गाडी लागते. लहानपणापासून. रिक्षा लागत नाही, उघडी असते. सुदेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, स्कूटर लागत नाही. पण काचा वर, एसी चालू आणि पुढे ती अत्तराची इवलीशी बाटली डुलतेय… की मी संपले. ओठ घट्ट मिटायचे आणि बसायचं, कारण तोंड उघडलं तर नुसते शब्दच बाहेर येतील याची खात्री नसते. म्हणजे जगात मी कुठे एक अक्षर बोलणार नसेन, तर ती जागा गाडी! आणि हे निघालेत मला बोलती करायला गाडी घ्यायला!

लग्नाच्या दिवशीचीच गोष्ट घ्या. हॉल डोंबिवलीला, माझं माहेर तिथलं. तिथून ठाण्याला फुलं लावलेल्या गाडीतून निघालो, शिळफाट्याला ट्रॅफिक, पाऊण तास एका जागी. फुलांचा वास, अत्तराचा वास, एसी. मी मान खाली, ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. घरी पोचलो तर आत्या, मामी, शेजारच्या सगळ्या म्हणतायत, "किती शालीन! माहेरच्या आठवणीनं एक शब्द फुटला नाही हो पोरीच्या तोंडून!" माझ्या शालीनतेचा पाया तिथे घातला गेला, शिळफाट्याच्या सिग्नलला.

मग सांगितलं का नाही नंतर? कसं सांगणार? तुम्हीच विचार करा. नवी सून, लग्नाला दोन महिने, आणि सकाळी सकाळी म्हणतेय, "आई, मला मळमळतं." गाडीबिडी राहिली बाजूला, आईंनी बारशाचा हॉल बघायला घेतला असता! नवऱ्याला तरी सांगायचं, तर हनिमूनला गेलेलो गोकर्णला, तेही ट्रेनने, पुढे रिक्षा, प्रश्नच आला नाही. आणि एकदा का न सांगितलेल्या गोष्टीला चार महिने झाले, की ती गोष्ट राहत नाही, ते गुपित होतं. मग मी गप्प.

रविवारी निघालो आम्ही चौघं. घोडबंदर रोडचं शोरूम. गाडी कुठली ते सांगत नाही, पण तुमच्या सोसायटीत तीन तरी असतील आणि त्यातल्या दोन पांढऱ्या.

आता भाव करायचा. कोण करणार? बाबा? बाबांचं नौपाड्यात छत्र्या आणि बॅगांचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. दुकानात पाटी, 'भाव एकच. आग्रह करू नये.' पस्तीस वर्षांत ज्या माणसाने कुणाला एक रुपया कमी केला नाही, तो आता दुसऱ्याला 'कमी कर' कुठल्या तोंडाने म्हणणार? त्यांना ते अन्यायाचं वाटतं. तिथला मुलगा, सिद्धेश त्याचं नाव, शर्टावर बिल्ला, छान हसरा, त्याने कागद पुढे सरकवला, "काका, ऑन रोड बारा लाख अडतीस हजार." बाबांनी चष्मा लावला, कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक आहे."

ठीक आहे! अहो, आमच्यापुढे प्यायचं पाणीसुद्धा यायचं होतं अजून!

सुदेशने टेबलाखालून बाबांचा पाय दाबला. तो आठ दिवस व्हिडिओ बघून तयार होऊन आलेला. "डिस्काउंट काय आहे बॉस?" सिद्धेश असा हसला, जसं कुणी हापूसवर डिस्काउंट विचारावा चैत्राच्या पहिल्या आठवड्यात. "सर, ह्या मॉडेलला डिस्काउंट? वेटिंग आहे सर. चौदा आठवडे. डिमांडच एवढी आहे." सुदेशचे सगळे व्हिडिओ तिथेच संपले.

मग आईंनी सूत्रं हातात घेतली. आईंचा एक हुकमी डाव आहे, साडीच्या दुकानात मी दोनदा पाहिलाय. एक आकडा सांगायचा, ताडकन उठायचं, पर्स खांद्याला, आणि दाराकडे चालू लागायचं. चौथ्या पावलाला दुकानदार हाक मारतो म्हणजे मारतोच. आई म्हणाल्या, "साडेअकरा. नाहीतर चाललो आम्ही." उठल्या. चालल्या. चार पावलं झाली, आठ झाली… शोरूम केवढं मोठं! दारापर्यंत गेल्या, वॉचमनने दार उघडून सलाम केला, "थँक यू मॅडम." आता काय करणार? गेल्या बाहेर! काचेतून आम्हाला दिसतायत, उन्हात उभ्या, मेट्रोचा खांब बघतायत. पाच मिनिटांनी आत आल्या, म्हणाल्या, "रुमाल राहिला."

आणि मी? मी गप्प.

तेवढ्यात सिद्धेश म्हणाला, "आधी टेस्ट ड्राइव्ह तर घ्या!" आणि बाबांचा चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू… लहान मुलाचा होतो ना, पतंग वर गेल्यावर, तसा. "प्राची, तू मध्ये बस. आमच्या दोघांच्या मध्ये."

काचा वर. एसी चालू. पुढे बाटली, स्ट्रॉबेरी! सुदेश चालवतोय, घोडबंदर रोड, दर पन्नास फुटांवर ब्रेक. माझ्या डाव्या बाजूला आई, उजव्या बाजूला बाबा, तिघांची तोंडं एकाच दिशेला. बाबा वाट बघतायत. कापूरबावडी आली तरी वाट बघतायत. शेवटी समोर बघूनच म्हणाले, "प्राची… शाळेत तुझा आवडता विषय कुठला होता गं?"

अहो, भूगोल! भूगोल होता! मला सगळे घाट पाठ होते, ओठांवर आलं होतं… पण ओठांवर आणखीही काही आलं होतं. मी नुसती मान हलवली. बाबांनी आईंकडे बघितलं. आईंनी खिडकीबाहेर बघितलं. आणि त्या दोघांच्या मध्ये मी, गप्प.

शोरूममध्ये परत येऊन बसलो तेव्हा माझ्यासमोर टेबल गोल फिरत होतं. माझी आई लहानपणी सांगायची, एका जागी नजर लाव आणि श्वास मोज. मी नजर लावली. समोर तो भावाचा कागद होता, त्यावरच लागली. नेमकी कुठे, तर 'हँडलिंग चार्जेस, साडेआठ हजार.' मी बघतेय. मोजतेय. सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं… आणि खाकरला.

"मॅडम, ते ना… ते आम्ही काढू शकतो." आणि काट मारली!

मी काय बोलणार? तोंड उघडायची सोय नव्हती. मळमळ जरा सरकली, नजर एक ओळ खाली घसरली. 'ॲक्सेसरीज किट, छत्तीस हजार.' सिद्धेशच्या कपाळावर घाम. "मॅडम, सीट कव्हर बाहेर स्वस्त मिळतात, हे मीही मान्य करतो." काट! सुदेश माझ्याकडे असा बघतोय, जसं चार महिने त्याला भलतीच बायको दाखवली होती. मी डोळे मिटले, उघडले, इन्शुरन्स. सिद्धेश उठून आत साहेबांकडे पळाला, परत आला, "इन्शुरन्स तुम्ही बाहेरून घ्या मॅडम, चौदा हजार वाचतात, सर हो म्हणाले." अकरा लाख एकोणऐंशी हजार पाचशे!

बाबा मात्र अस्वस्थ. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "सिद्धेश, म्हणजे मघाशी सांगितलास तो भाव नव्हता?"

"काका, तो सुरुवातीचा भाव होता."

"भावाला सुरुवात असते?"

 सिद्धेश बिचारा माझ्याकडेच वाकला, हळूच म्हणाला, "मॅडम, आता खरंच माझ्या हातात काही नाही. महिनाअखेर आहे. प्लीज, काहीतरी बोला ना."

घ्या! आता हाही!

आणि तेवढ्यात बाबा उठले. सावकाश उठले, खुर्ची नीट आत सरकवली, दुकान बंद करताना सरकवत असतील तशी. म्हणाले, "राहू दे बाळा. तुझी काही चूक नाही, गाडी छानच आहे. पण आमच्या प्राचीला पसंत नाही दिसत. आणि तिच्यासाठीच तर घ्यायची होती."

आई पर्सची चेन लावत होत्या. लावलेली चेन परत उघडून परत लावत होत्या. आणि चेनकडे बघतच म्हणाल्या, "गाडी नव्हे हो. आपणच पसंत नसू तिला."

तुम्हाला सांगते, माझ्या पोटात जे काही ढवळत होतं ना, ते तिथल्या तिथे थांबलं. आणि भलतंच काहीतरी घशाशी आलं. ही दोन माणसं, माझ्या दोन शब्दांसाठी पस्तीस वर्षांची छत्र्यांची कमाई घेऊन घोडबंदर रोडला आलेली, आता हात हलवत परत निघालीत, आणि समजतायत काय, तर ती मला आवडत नाहीत! आणि मी गप्प? छे! मी टेबल घट्ट धरलं आणि म्हटलं,

"बाबा… मला गाडी लागते."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाली?" आई.

"लागते म्हणाली," सुदेश.

"लागते?" बाबा.

"लागतेच हो काका!" सिद्धेश ओरडला. "हल्ली प्रत्येक घरात गाडी ही लागतेच! मॅडम अगदी बरोबर बोलल्या!"

आणि मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत बाबा बसले, पेन घेतलं, सही केली! पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर, जिथे नको होती तिथेसुद्धा! आईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, "अगं माझे बाई, मग एवढा वेळ सांगायचं नाही होय? चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंन हो हिने!" त्यांच्या डोळ्यांत पाणी, सुदेश फोटो काढतोय, सिद्धेश पेढे आणायला धावतोय… आता या आनंदात कुणी शब्दाचा अर्थ समजावत बसतं का? तुम्ही बसला असतात?

मी बसणारच नव्हते. मी ठरवलंही होतं, आयुष्यभर आल्याची वडी चघळेन, पण यांचा चेहरा असाच राहू दे. पण बाबांना कुठला दम निघतोय! "सिद्धेश, आणखी एक चक्कर मारू या रे! आता बोलायला लागलीये ती!"

सिद्धेशने मागचं दार उघडलं. आतून एसीचा गार झोत आला आणि त्याच्याबरोबर सगळीच्या सगळी स्ट्रॉबेरी. एका बाजूने आईंनी माझा हात धरलेला, दुसऱ्या बाजूने बाबांनी, दोघंही हसतायत, दोघांचीही तोंडं माझ्याकडे. आणि मी बोलले. मोठ्याने बोलले, एका दमात, वॉचमनलासुद्धा ऐकू गेलं:

"बाबा, लागते म्हणजे मला गाडीत मळमळतं, लहानपणापासून, आणि आई, दुसरं काहीही नाहीये, आणि तुम्ही दोघंही मला खूप खूप आवडता, पण आत्ता… आत्ता जरा बाजूला व्हा!"