स्टीलचा गिलास पाझरतो का?

वहिनी, मुख्याध्यापक बाई, आणि जुन्या शहरातल्या आपल्या शाळेच्या आजी-माजी लेकरांनो,

अमरावतीहून एसटीनं येताना चार वाक्यं जुळवली होती. सरांचा फोटो पाहिला आणि ती डोक्यातून गेली. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाची ही गत.

तायडे सर विज्ञान शिकवायचे. आमच्या दोघांच्या वर्गांत एक पातळ भिंत. एकदा सहावीला मी दवाची कविता म्हणत होतो. सर दारात आले, हातात बर्फ घातलेला स्टीलचा गिलास.

"गुरुजी, हे घ्या तुमचं दव."

गिलासावर बाहेरून थेंब जमले होते. सरांनी विचारलं, "हे पाणी आलं कुठून?"

एक पोरगी म्हणाली, "गिलास पाझरून राहिला, सर. आमच्या घरचा माठ पाझरते तसा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हसता कावून? तिनं माठ पायला हाय. तुमी काय पायलं?" त्यांनी गिलासात निळी शाई ओतली. पोरीनं बाहेरचा थेंब बोटावर घेतला. स्वच्छ.

"मंग हवेतलं असन, सर."

"मी नाही सांगतलं बरं. तुलेच सापडलं."

असे होते सर. चुकीचं उत्तरही हाताळून पाहायला लावायचे.

काल आल्या आल्या शाळेतल्या त्यांच्या प्रयोगाच्या खोलीत गेलो. तुरटी, कापूर, काळ्या मातीच्या बाटल्या, सगळं खोक्यांत भरलेलं. उद्या तिथं मोठा पडदा लागणार. प्रयोग त्यावर दिसतील. बाई, तुम्हाला शिक्षक मिळत नाही, मला ठाऊक आहे. पण पडद्यावरचं पाणी बोटाला लागतं का? पडदा चुकणाऱ्या पोरीसाठी थांबतो का?

मी खोकं उघडलं. सहावीला गढूळ पाण्यात तुरटी फिरवून दाखवली. गाळ बसला. एक जण म्हणाला, "आजोबा, मीठ टाकलं तं बसन काय?" मला कविता येतात हो, दुसरं काही येत नाही. टाकून पाहा, एवढंसुद्धा सुचलं नाही.

म्हणून हात जोडून विचारतो. आठवड्यातून एक तास, कोणी घेईल? या शाळेत शिकलेलं कोणीही. एकानं हो म्हटलं तर बाई खोली ठेवणार आहेत. उद्या नाही, आज सांगा.

कोणीच नाही?

वहिनी, माफ करा. श्रद्धांजली द्यायला आलो आणि मागतच बसलो.

उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. तुम्ही खुशाल डोळे मिटा. मी मिटणार नाही. मौनातही हात वर करता येतो. मी बघत उभा आहे.