मुरलीधर वायरमनचा कॅमेरा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगाचार्य, तुम्हीही हात पुसून घ्या. आज एकच प्रश्न विचारणार आहे, लगेच उत्तर देऊ नका. आपण दार राखतो, ते कोणासाठी? जो येऊ नये त्याच्यासाठी, की जो यावा त्याच्यासाठी?

हसू नका! सोपा वाटतो. मलाही वाटला होता.

ऐका. निरगुडवाडीत मुरलीधर तावरे राहतात. वीजखात्यात चौतीस वर्षं वायरमन! नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कोणीतरी मेन बंद करायला विसरलं आणि यांचा जोडीदार खांबावरून खाली आला, तो उठलाच नाही. त्या दिवसापासून मुरलीधररावांनी एक नेम धरला. घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढायचा. देवाला नमस्कार एखादे दिवशी राहील, मेन राहणार नाही! दिवसाउजेडी बल्ब जळताना दिसला तर शेजाऱ्याच्याही घरात शिरून बंद करणारा माणूस.

घरात पत्नी इंदुबाई. एकुलती मुलगी सारिका. अकरा वर्षांपूर्वी पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि मुरलीधरराव, म्हणजे तिचे अप्पा, म्हणाले, "मी जिवंत आहे तोवर माझ्यासमोर या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस." रागात बोलले. राग चार महिन्यांत उतरला. पण शब्द? तो कोणी मागं घ्यायचा? ज्यानं टाकला त्यानंच ना! पण आपली पुरुषाची जात... मागं वळून बघू नका हो, तुम्हालाच म्हणतोय.

पुढं इंदुबाईंचं मूत्रपिंड निकामी झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याला डायलिसिस. नऊला निघायचं, चारला परत यायचं. एका शुक्रवारी परत आल्या तर दारातल्या तुळशीची माती ओली! पुढच्या मंगळवारी पुन्हा ओली, आणि वर हळदीकुंकू.

इंदुबाई गेटाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो, सारिका येऊन जाते."

"खुळी आहेस. घर बंद कधी असतं ते कोणीतरी हेरून जातंय."

"मग ते डोळे लावा ना दारावर, कॅमेरे. चोर असेल तर तुम्हाला दिसेल. ती असेल तर मला दिसेल. मरायच्या आधी एकदा तोंड बघू द्या तिचं. त्या काचेत तर काचेत."

मुरलीधररावांनी मान फिरवली. डोळे भरले होते, दाखवायचे कसे?

गेले दुकानात. दुकानदार मोठा समजूतदार. म्हणाला, "काका, हा विजेवर चालणारा. चित्र झकास, पण करंट गेला की आंधळा. हा बॅटरीचा, वर सोलरची पट्टी. घर बंद असू दे, वीज नसू दे, हा जागा असतो."

"बॅटरी? आज आहे, उद्या नाही. आणि ढग आले तर तुझ्या पट्टीचं काय करू? मला वायर दे. वायरीवर माझा भरवसा आहे."

"मग निदान बॅकअप तरी घ्या."

"पोरा, मला करंट शिकवतोस?"

झालं! विद्या आडवी आली, मंडळी. जे येत नाही तिथं माणूस विचारतो. जे येतं तिथं कोण विचारणार?

कॅमेरा स्वतः बसवला. काय ते काम! वायर ओळंब्यात सरळ, आर्थिंग वेगळं, पावसाचं टिपूस शिरणार नाही असं झाकण. इंदुबाई खाली खुर्ची टाकून सांगत होत्या, "थोडा खाली घ्या, तोंड दिसेल असा." त्यांनी घेतला खाली. बायकोचं ऐकलं एकदाचं!

मंगळवार आला. इंदुबाईंना रिक्षात बसवलं, दाराला कुलूप लावलं, आणि...

सांगा, काय केलं असेल?

मेन खाली ओढला.

तुम्ही म्हणाल, महाराज, इतका जाणता वायरमन आणि कळलं नाही? अहो, चौतीस वर्षांची सवय! हात आपला उठतो, आपला स्विच ओढतो. डोक्याला विचारतो कुठं? चार वाजता आले, मेन वर केला, फोन उघडला. दारात काही हललं की कॅमेरा टिपून ठेवायचा. रविवारचं मांजर होतं, सोमवारचा पेपरवाला होता. मंगळवार, निघाल्यापासून पुढं, कोरा.

"बघ. चिटपाखरू नाही."

इंदुबाईंनी तुळशीत बोट घातलं. ओली होती. शुक्रवारी परत आल्या, बोट घातलं. कोरडी. पुढच्या मंगळवारीही कोरडी. त्यानंतर ती तुळस कधी ओली मिळाली नाही.

मुरलीधरराव म्हणाले, "कॅमेरा बघून पळाला चोर." पण आवाजात जोर नव्हता. त्यांनाही ती यायलाच हवी होती हो! चोर नकोच होता त्यांना!

दोन महिन्यांनी इंदुबाई गेल्या. शेवटच्या दुपारी म्हणाल्या, "ती आलीच नव्हती. माझ्याच मनाचे खेळ. शेजारच्या कोणी पाणी घातलं असेल. तुम्ही तिच्यावर रागावू नका."

हे उराशी घेऊन गेली ती माऊली.

सारिका आली ती आईला पोचवून माणसं परतल्यावर. बाया बाजूला झाल्या. पोर तुळशीपाशी उभी राहिली, रडली नाही. म्हणाली, "अप्पा, एकच विचारते. मी त्या मंगळवारी कॅमेऱ्याला सांगितलं, ते ऐकून तुम्ही बल्ब बंद ठेवलात ना?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, अप्पा, तुम्ही नसताना येते, तुमचा शब्द मोडत नाही. पण आईला भेटायचंय. चालणार असेल तर शुक्रवारी जाताना ओटीवरचा बल्ब चालू ठेवा. तुम्ही दिवसा बल्ब ठेवत नाही, दिसला तर माझ्यासाठीच आहे हे मला कळेल. शुक्रवारी आले. बल्ब बंद होता. म्हटलं, मिळालं उत्तर. तुळशीला हातही न लावता गेले."

मुरलीधररावांचे ओठ हलले. चौतीस वर्षांत ज्या शब्दांचा अभिमान होता, तेच बाहेर पडले.

"मेन बंद होता."

वायरमनची पोर ती! तिला पुढचं सांगावं लागलं नाही. लहानपणी गावाला निघताना अप्पांच्या आधी धावत जाऊन स्टुलावर चढून तो मेन तीच ओढायची. तीही विसरली होती! मटकन खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे आईला वाटलं मी आलेच नाही."



दिवसकार्य झालं, ती निघून गेली. पुन्हा आली नाही. मागच्या महिन्यात त्या गावी माझं कीर्तन होतं. संपल्यावर एक म्हातारा पुढं आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, आता मी मेन बंद करत नाही. बल्ब भरदुपारीही जळतो. पोर येईल का?"

आख्यानाच्या शेवटी कीर्तनकारानं देव भेटवायचा असतो, तशी रीत आहे. मी इतकी वर्षं भेटवत आलो. त्या माणसाला मात्र मी हो म्हणू शकलो नाही. खोटं कसं बोलू? नुसता त्याचा हात धरून उभा राहिलो. मला ते फार जड गेलं, मंडळी, अजून जातंय.

तुमच्याही दारावर कॅमेरे आहेत, येताना बघितले मी. चांगले आहेत, असू देत. पण कोणाला कधी रागात एक शब्द टाकलाय, आणि राग गेला तरी तो तसाच पडलाय, असे किती जण बसलात इथं? हात वर करू नका. मी मोजणार नाही. त्या माणसाला कसं कळायचं की तुमचा राग गेला? तुम्ही सांगितलंत? का तोही बिचारा गेटाबाहेर उभा राहून अंधारलेला बल्ब बघतोय?

आता आरती आहे. ती मी आणि टाळकरी म्हणतो, तेवढं आम्हाला येतं. ज्यांना कोणाला फोन लावायचाय, त्यांनी आरतीला थांबू नये. उठा. प्रसाद मी तुमचा ठेवून देतो.