पुराचं पहिलं पाणी

(सुमेर देशातलं ऊर नगर, युफ्रेटिसचा काठ, चार हजार वर्षांहून आधीचा एक वसंत. सिंधूकाठच्या मेलुहा देशातून लग्न होऊन आलेली वेली तान्ह्या बाळाला घेऊन नुकतीच नदीवरून परतली आहे. सासूला इथे ‘आमा’ म्हणतात.)

आमा : आणि पाय बुडवलेस? बाळाचे? त्या पाण्यात?

वेली : नुसते तळवे, आमा. कसा खुदकन हसला!

आमा : हसला म्हणे! अगं, सगळं गाव बांधावर माती टाकतंय, तुझा नवरा पहाटेपासून कमरेइतक्या चिखलात उभा, आणि तू नदीला तीळ वाहून आलीस?

वेली : पाणी चढताना दिसलं आणि राहवेचना. आमच्याकडे सिंधू अशी चढली की बाया केसांत फुलं माळून काठावर धावतात.

आमा : आणि पीक?

वेली : ते कधीच कोठारात पडलेलं असतं. मग पाणी येतं, गाळ टाकून जातं, त्यातच पुढची पेरणी.

आमा : कापणी आधी, पूर मागून?

वेली : हो. का? इथे नाही तसं?

आमा : दारातून बघ. काय दिसतंय?

वेली : जव. पिवळे झालेत. उभेच आहेत अजून... अगं बाई!

आमा : विळा लावायचा तेवढा बाकी. आमची नदी नेमकी तेव्हाच येते. तोंडाशी आलेला घास नेते.

वेली : मला कुणी सांगितलंच नाही. गेल्या साली मी आले तेव्हा पाणी ओसरलं होतं.

आमा : नदी चढली की रडायचं, हे काय सुनेला शिकवावं लागतं? मला वाटलं, सगळ्या नद्या अशाच.

वेली : आणि मला वाटलं, सगळ्या तशाच.

आमा : शेजारची गेमेशारा आत्ताच येऊन गेली. म्हणते, परदेशिणीनं पूर बोलावला. धक्क्यावर मेलुहाचं गलबत उभं आहे, त्यात हिला बसवा. पोर ठेवून घ्या.

वेली : पोर ठेवून?

आमा : रडू नकोस. दूध आटेल.

वेली : तुम्ही काय म्हणालात?

आमा : म्हटलं, आधी सुनेला विचारते. वर्षभर तुझ्या भाजक्या विटा ऐकल्या, घरोघरच्या न्हाण्या ऐकल्या. राजाचा वाडा नाही, आभाळाला टेकणारं देऊळ नाही, गटारं मात्र झाकलेली!

वेली : तुमचं देऊळ उंच आहे, आमा. पण गल्लीतून तिथवर जाताना नाक धरावं लागतं.

आमा : जीभ शाबूत आहे म्हणायची! आता नीट सांग. गेमेशारा बाया घेऊन दाराशी यायच्या आत. पाय कशाला बुडवतात?

वेली : ओळख व्हावी म्हणून. ओळखीच्या माणसाला नदी ओढत नाही.

आमा : आणि तीळ वाहताना काय म्हणालीस?

वेली : “ये माये, घरात ये.”

आमा : देवा! बरं, मी सांगेन, सून “परत जा माये” म्हणाली.

वेली : पण ते खोटं...

आमा : आमच्या नदीला तुझी बोली कुठे येते? तिला काय ऐकू गेलं, ते मी ठरवेन.

वेली : आमा, तो ओरडा कसला? बांधाकडून येतोय.

आमा : फुटला वाटतं कुठेतरी. वेली, माझ्या लेकाचे पाय नाही गं बुडवले कुणी. आम्ही पोरांना नदीपासून लांब ठेवतो.

वेली : बुडवलेत, आमा. ते मला मागायला आले तेव्हा सिंधू चढत होती. माझ्या आईनं उंबऱ्यात थांबवून त्यांचे पाय धुतले. पहिल्याच पाण्यानं.

आमा : पण ती तुमची नदी.

वेली : समुद्रातून आलो ना आम्ही, तेव्हा तांडेल म्हणाला होता, दोघी शेवटी तिथेच येतात. सिंधूनं हिच्या कानावर घातलं असेल.

आमा : हं... आल्या बघ बाया. बाळ दे माझ्याकडे.

वेली : मी आत जाऊ?

आमा : आत कशाला? इथे ये. माझ्या शेजारी उभी राहा.