आजोबांच्या खोलीतला चष्मा

ताईसाहेब : ...ते सगळं राहू दे, मावशी. आधी सांगा, हा चष्मा कुणाचा?

कारभारीण : चष्मा? अगंबाई! कुठे सापडला म्हणायचा हा?

ताईसाहेब : आजोबांच्या खोलीत. पलंगाच्या उशाशी टेबल आहे ना, त्यावर. मला वाटलं, त्यांचाच असेल, इतकी वर्षं जपून ठेवलात. डोळे भरून आले माझे. मग आठवलं, आजोबांनी जन्मात चष्मा लावला नाही. हातभर लांब धरून वाचायचे, पण चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचे.

कारभारीण : झाडलोट करताना राहिला असेल कुणाचा तरी.

ताईसाहेब : काडीला हिरवा दोरा गुंडाळलाय. बागेत वेली बांधतात तो.

माळीबुवा : (दारातून, हातात खुरपं) अगं, माझा चष्मा दिसला का कुठे? सकाळपासून गुलाब समजून काटेच कुरवाळतोय... अरे देवा! ताईसाहेब, तुम्ही उद्या येणार होता ना?

ताईसाहेब : दादा उद्या या महालाचा निर्णय घेणार, म्हणून आजच आले. या काका, बसा. हा घ्या तुमचा चष्मा.

माळीबुवा : वा! कुठे होता?

कारभारीण : थोरल्या महाराजांच्या उशाशी! रोज कानीकपाळी ओरडते, उठलात की आधी टेबल बघत जा. ऐकतील तर शपथ.

ताईसाहेब : उठलात की?

माळीबुवा : हे तू बोललीस हं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

ताईसाहेब : मावशी, तुम्ही दोघं आजोबांच्या खोलीत झोपता?

कारभारीण : नाही हो! म्हणजे, रोज नाही.

माळीबुवा : रोज वेगळ्या खोलीत.

कारभारीण : अहो, गप्प बसा ना!

माळीबुवा : आता काय लपवायचंय? चष्म्याने घात केला तो केलाच. ताईसाहेब, त्याचं असं झालं, मी जरा घोरतो.

कारभारीण : जरा? भिंतीवरची चित्रं हलतात! थोरले महाराज गेले त्या हिवाळ्यात मी यांना सांगितलं, कुठेही जा, पण मला झोपू द्या. हे गेले उत्तरेच्या खोलीत. कुबट वास मारत होती, म्हणून शेगडी पेटवली. सकाळी खिडक्या उघडल्या, गादी उन्हात टाकली. मी झाडायला गेले तर खोलीचं रूपच पालटलेलं. कुणी पाहुणा नुकताच उठून गेलाय असं वाटावं.

माळीबुवा : मग शेजारच्या खोलीने काय घोडं मारलंय, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यात झोपलो.

कारभारीण : तिसऱ्या रात्री उशी काखोटीला मारून परत आले. एवढ्या मोठ्या महालात एकट्याला भीती वाटते म्हणे! मग मीही जायला लागले. सगळ्या खोल्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. पण चादरी आमच्या घरच्या हं. महाराजांच्या एका वस्तूला धक्का लागलेला नाही.

माळीबुवा : महाराजांच्या पलंगावर तर मी पायथ्याशी डोकं करून झोपतो. त्यांच्या उशीवर डोकं ठेवायचं धाडसच होत नाही. म्हणून तर घोटाळा होतो. चष्मा राहतो उशाशी आणि मी उठतो दुसऱ्या टोकाला.

कारभारीण : रागावलात? रागवा. आम्हाला उद्या काढून टाका, आमची काही तक्रार नाही. पण ताईसाहेब, दादासाहेबांना सांगा, या घराला कुलूप लावू नका. गुदमरेल हो ते.

ताईसाहेब : मी रागावले नाही, मावशी. मी कालच समुद्राकाठच्या महालातून आले. त्याला दादाने काय कमी केलंय? पहारा आहे, भारी कुलपं आहेत, ओल शोषणारी यंत्रं आहेत. आणि आत पाऊल टाकलं तर भिंतींचे पोपडे माझ्या केसांत. आईचा पियानो फुगलाय. एक पट्टी दाबली, तर दाबलेलीच राहिली. रडू आलं मला. शिकारीच्या महालाची तीच गत.

माळीबुवा : अरेरे! तिथली सागवानी दारं काय सुंदर होती.

ताईसाहेब : आणि हा महाल सगळ्यांत जुना, शेजारी तळं, तरी भिंती कोरड्या! दादाचे इंजिनियर सगळीकडे हात लावून बघत होते. म्हणाले, असं लाकूड फक्त राहत्या घरात सापडतं, पण इथे तर कुणी राहत नाही. बिचारे चक्रावून गेले.

कारभारीण : आम्हाला विचारलंही त्यांनी. आम्ही म्हटलं, देवाची कृपा.

ताईसाहेब : धन्य आहे तुमची! दादाला वाटतं, बंद केलं की सांभाळलं. हाही बंद करायचा, नाहीतर हॉटेलवाल्याला द्यायचा, असं चाललंय त्याचं. उद्या मी त्याला सगळं सांगणार आहे.

माळीबुवा : सगळं? घोरण्यासकट?

ताईसाहेब : घोरण्यासकट! म्हणावं, हॉटेल नको आणि कुलूपही नको. इथे माणसं राहू देत. चित्रकार येऊ देत, गाणारे येऊ देत, दमलेले मास्तर सुट्टीत येऊ देत. ज्याला जी खोली मिळेल ती त्याने झोपून, वापरून जागती ठेवायची. घरभाडं म्हणजे तेवढंच.

कारभारीण : ऐकतील दादासाहेब?

ताईसाहेब : आधी ओरडेल. मग त्याला आजोबांच्या खोलीत नेईन आणि भिंतीला हात लावायला सांगेन. समुद्राकाठच्या महालात तोही माझ्याबरोबर होता, तिथला कुबट वास अजून त्याच्या नाकात असेल. आणि पहिली राहायला मीच येणार आहे, त्याला नाही म्हणताच येणार नाही.

कारभारीण : माझी बाई ती! थांबा, तुमची लहानपणची खोली लावून देते. दुलई कालच उन्हात घातली होती.

ताईसाहेब : तसं नको. तुमचं जसं चालतं तसंच चालू दे.

माळीबुवा : मग उत्तरेची घ्या. आज तिचा नंबर आहे.

ताईसाहेब : घेतली. आणि काका, आजोबांच्या खोलीचा नंबर पुन्हा आला ना, की उशीवर डोकं ठेवून झोपा. चष्मा हाताशी राहील.