रिकाम्या मडक्यावरची माळ

भुजंगदादा, गुडघा कसा आहे? उतार लागला की अजून कळ मारतो का? रखमाकाकू, खोकला बसला? काढा घेता ना, की मांजरीला पाजता? किसन, तुझ्या पोराचा ताप गेला? बरं झालं. गुरुजी, तुम्ही चार दिवस धड जेवला नाहीत, तोंडावरून दिसतंय. गोदे, तू बस अशीच आईच्या मांडीवर. भाकर खाल्लीस का? हाव म्हणतेस? शहाणी माझी बाय.

पार्वती, लेकी, तुला मी विचारत नाही. तुला विचारायला मला तोंड नाही.

मंडळी, माफ करा. शोकसभेत कुणी अशी विचारपूस करत नाही, हे मला कळतं. पण जन्मभर या वाडीला झाडपाला दिला, चार माणसं समोर दिसली की जीभ आपोआप तिकडंच वळते. आणि खरं सांगू? पुढचं बोलायला जीव धजत नव्हता, म्हणून जरा रेंगाळलो.

आपली सुभद्रा गेली, पार्वतीची लेक. अकरा वर्षांची पोर. या आश्रमशाळेच्या याच ओट्यावर बसून पाढे म्हणायची. तिचा फोटो कुणी काढलाच नव्हता, म्हणून गुरुजींनी खुर्चीवर तिची वही ठेवली आहे. मला म्हणाले, "आबा, तुम्ही वडील माणूस, वहीला हार तुम्हीच घाला." मी हात मागे घेतला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. हातात हार घेऊन मी त्या पोरीपुढं का गेलो नाही, तेच सांगायला उभा आहे.

मला तुम्ही माळवाले आबा म्हणता. कावीळ झाली की माझ्याकडं येता. मी ओल्या कांड्या दोऱ्यात गुंफतो, माळ डोक्यावर ठेवतो. पहिल्या दिवशी ती टोपीएवढी असते. मग कानावर येते, गळ्यात उतरते, छातीवर लोंबते. आपण म्हणतो, कावीळ उतरली. भोकरपासून माणसं यायची. बरी होऊन जायची. मलाही वाटायचं, हाताला गुण आहे.

सुभद्राचा थोरला भाऊ मारुती, तुम्हाला आठवतो. नऊ वर्षांचा होता. त्यालाही माळ मीच घातली होती. माळ उतरली. कावीळ उतरली नाही. पोट फुगलं, पाय सुजले, आणि पोर गेलं. तेव्हा तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. उलट त्याचे आजोबा, हे भुजंगदादा, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आबा, तू तुझं केलं. त्याचेच दिवस भरले होते."

त्यानंतर मी एक काम केलं. ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मी एक माळ गुंफली आणि घरातल्या रिकाम्या मडक्यावर ठेवली. रोज बघितली. मडक्याला काय कावीळ होणार, मंडळी? पण माळ खाली आली. गळ्यावरून उतरली, पोटावर आली. कांड्या वाळतात, आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. एवढंच. साधी कावीळ आपल्या पायानं येते, आपल्या पायानं जाते, आणि नाव माझं होतं.

मी मडकं पालथं घातलं आणि गप्प बसलो. का बसलो? माळवाले आबा ही हाक सोडवेना. दुसरं कारण नाही.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. वाडीतली निम्मी घरं कामाला बाहेर पडली. लातूर नवाच जिल्हा झालेला, तिकडं कचेऱ्यांची बांधकामं निघालेली. दादांचा लेक लक्ष्मण आणि सून पार्वती, सुभद्रा-गोदा दोघी पोरींना घेऊन तिथं पत्र्याच्या खोलीत राहिले. सुभद्रा मला कार्ड टाकायची. मला शाळा ठाऊक नाही. पुडीच्या कागदांवरून अक्षरं लावत मी वाचायला शिकलो, तर ही माझ्या उत्तरातल्या चुका काढून पुढच्या कार्डात कळवायची. एकदा लिहिलं होतं, "आबा, इथं नवा जिल्हा बांधून राहिले. जुना काय पाडणार हाय का? आपली वाडी जुन्यातच हाय ना?" मी हसून हसून बेजार. सगळ्या वाडीला वाचून दाखवलं होतं.

तिचं शेवटचं कार्ड माझ्या खिशात आहे. वाचतो. थांबा, चष्मा...

"आबा, माझे डोळे पिवळे झाले. पोट बी टम्म हाय. डाक्टरीणबाई खोलीवर आल्या होत्या. दवाखान्यात या म्हणतात. तिथं सुई टोचतात, मला लई भ्या वाटतं. तुमची माळ पाठवा. माळ आली की मी बरी होते. उत्तर लवकर लिहा."

मंडळी, मला मडकं आठवत होतं. हे कार्ड वाचतानाही आठवत होतं. आणि तरी मी ओल्या कांड्या आणल्या, माळ गुंफली, भोकरला चालत गेलो आणि लातूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात पुडी दिली. दोन ओळी लिहिल्या असत्या, "पोरी, माळ खोटी आहे, सुईला भिऊ नको, बाईंबरोबर जा," तर? कार्ड तेवढ्याच पैशात गेलं असतं. माळ पोचली. पोर ती घालून बसून राहिली. डाक्टरीणबाई दोनदा बोलवायला आल्या, आणि ती म्हणायची, "अजून गळ्यापस्तोरच आलीया, छातीवर येऊ द्या."

छातीवर आली, तेव्हा पोरीला रक्ताची उलटी झाली. मग दवाखाना. मी धावत गेलो, पण तोवर सगळं हातातून गेलं होतं.

त्या बाईंनी मला रागावायला हवं होतं. रागावल्या नाहीत. स्टुलावर बसवून समजावलं. सगळ्यांच्याच पोटात अन्नापाण्यातून चिमूटभर तांबं जातं. यकृत, म्हणजे आपण बोकडाचं काळीज म्हणतो ना, तेच, ते जास्तीचं तांबं बाहेर टाकतं. या पोरांच्या यकृताला ते टाकता येत नाही. रांजणाच्या बुडाशी गाळ बसावा तसं साचत जातं. दादा, तांब्याचं कानावर येताच तुम्ही घरातले तांब्याचे गडू काढून टाकलेत. त्यानं भागत नाही. हा दोष रक्तातून येतो. आणि नीट ऐका, एकट्या आईकडून येत नाही. एक वाटा आईचा, एक बापाचा. दोघं धडधाकट असतात, दोघांना पत्ता नसतो. दोन्ही वाटे ज्या पोरात एकत्र येतात, ते पोर आजारी पडतं.

आपल्यात मामाची पोर करायची चाल आहे. पार्वती लक्ष्मणच्या मामाची लेक. दादा, तुम्हीच हौसेनं आणलीत. "घरचीच पोर हाय, जीव लावील," म्हणालात. लावला तिनं. मग आता तीच पांढऱ्या पायाची कशी झाली? तिला माहेरी धाडायचं आणि गोदाला इथं ठेवून माझी माळ घालायची, असं तुमच्या ओसरीवर ठरलं म्हणे. आता पाय बघायचेच असतील तर माझे बघा. दोन्ही पोरांच्या डोक्यावर हात माझा होता, तिचा नव्हता.

मी परत माळ गुंफणार नाही. दोरा चुलीत घातला.

डाक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं, आणि तेवढ्यासाठी मी आज उभा राहिलो. गोदा सहा वर्षांची आहे. तिच्यातही हे असेल, नसेलही. रक्त-लघवी तपासल्याशिवाय कळत नाही. असेल आणि आत्ताच कळलं, तर गोळ्या आहेत. जन्मभर घ्याव्या लागतील, पण पोर शाळेत जाईल, मोठी होईल. डोळे पिवळे होईपर्यंत वाट पाहिली तर मग शब्द देता येत नाही, असं म्हणाल्या.

भुजंगदादा, सगळ्या वाडीसमोर विचारतो. उद्याच्या गाडीनं गोदा लातूरला जाऊ दे. आईबरोबर जाऊ दे. तपासणी होऊ दे. नाही म्हणणार असाल तर मोठ्यानं म्हणा, आपण सगळे ऐकू.

काय? मोठ्यानं बोला, दादा. मागं ऐकू येत नाही.

"न्या म्हणतो." ऐकलंत ना सगळ्यांनी? दादा, रडा. लाजू नका. मी पण तेच करून राहिलो.

आता सगळे उभे राहू. टोप्या काढा. सुभद्रासाठी दोन मिनिटं कुणी बोलू नका.

...

बसा.

पार्वती, इकडं ये. हे कोरं कार्ड घे. पत्ता मी घातला आहे, चुका असतील, आता सांगणारं कुणी नाही. तपासून झालं की कार्ड टाक. चांगलं असेल तरी लिही, वाईट असेल तरी लिही. तुला लिहिता येत नसेल तर त्या बाईंना सांग. आणि खाली कोपऱ्यात गोदाला तिच्या हातानं एक "गो" काढू दे, कसा का निघेना.

मी रोज फाट्यावर पोस्टमनला गाठीन. उत्तर लवकर लिही, लेकी.