अक्षयाला काय आवडतं

—बसा हो, उन्हात कुठं निघालात, मुलीचं सगळं मीच सांगतो, तिला बोलवायचं काय कारण? भाच्यासाठी मुलगी बघायला पुण्याहून कुंभकोणमपर्यंत आलात, तर नीट ऐकून जा. आमची मराठी तुम्हांस जुनी वाटेल – वाटू दे, तंजावरच्या राजांच्या चाकरीत आलेली माणसं आम्ही, शिस्तही जुनीच. या घरात जानकीरामरावाचं, म्हणजे माझं, एकट्याचं चालतं. रसम किती तिखट ते मी ठरवतो, पंखा कितीवर फिरायचा ते मी, साड्यांचे रंगही मीच – बायकांना रंगातलं काय कळतंय? मुलगा विघ्नेश, त्याला मी इंजिनिअर केला. झाला की – पदवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतायला गेला. सहा वर्षं झाली. अर्ध्या तासाची बस, पण येत नाही. मूर्ती ओरडत नाहीत, असं आईला म्हणाला म्हणे.

बायको? सुंदरी दारासुरमला असते, भावाकडं, हवापालटाला – हो, चारच किलोमीटर, पण हवा वेगळी हो तिथली, दीड वर्षात वजन सात किलो वाढलं. गातेही म्हणे. इथं कधी गायली नाही – म्हणजे एकदा गायली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी पेपर वाचत होतो. भांडण? कुणी सांगितलं? भांडायला दोघांना बोलावं लागतं. तिनं फक्त गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि रसम तुम्हीच करा म्हणाली.

मी कशाला करू, अक्षया आहे ना. एकतीस वर्षांची, बँकेत नोकरी – मीच सोडतो, मीच आणतो. अकरा स्थळं आली, अकराही मी परतवली. एकाचं नाक, एकाच्या बापाचा आवाज – फार मोठा होता. तिला विचारलं का? माझ्या मनास आलं नाही ते तिच्या कसं येईल?

विचारायचंच म्हणता? विचारा, मला काय भीती? अक्षया, बाहेर ये. बस. हा मुलाचा फोटो. यांना सांग – पुणं चालेल का, मुलगा कसा वाटतो, तुला काय आवडतं. मोकळेपणानं सांग. अगं, माझ्याकडं काय बघतेस, त्यांच्याकडं बघून बोल. काय आवडतं तुला?

काय म्हणालीस?

‘अप्पा, मला काय आवडतं?’ – मलाच विचारते आहे हो. चेष्टा करते. नाही... चेष्टा नाही करत.

थांब, मला ठाऊक आहे. तुला लहानपणी ते – तू नेहमी –

तुम्ही या आता. बस चुकेल तुमची.