ललितच्या नावाचं कार्ड

चलथाणच्या बसमध्ये मंगलाबाईंच्या पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्यांचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

“माझ्या भावाचं क्रेडिट कार्ड तुमच्याकडे कसं?”

“मीच फॉर्मवर ललितची सही घेतली होती. अडीनडीला असू दे म्हणालो.”

“आणि?”

“त्यावर रोख काढून शेअर घेतले. दिवाळीपर्यंत दुप्पट होतील, असं दलाल म्हणत होता.”

“मग विका आता.”

“घेणारच कुणी नाही, वर्षा. कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलंय.”

“बँकेला काय देताय?”

“माझ्या कार्डावरून काढून त्याचं भरत होतो. आता माझंही बंद झालं. बँकेची माणसं त्याच्या दारात जातील.”

“अहो, त्याचं लग्न तोंडावर आलंय!”

“म्हणून तर तुला घेऊन आलो. तू सांग. तुझ्यावर तो चिडणार नाही.”

वर्षाने खिडकीकडे तोंड फिरवलं. चलथाण आलं तशी दोघं उठली.

मंगलाबाई त्यांच्या मागोमाग उतरल्या. खाली उभ्या असलेल्या तरुणाने धावत येऊन वर्षाच्या हातातली पिशवी घेतली.

“ताई, दाजींना पण आणलंस? बरं झालं! मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे सगळे पैसे त्यांच्याच हातात देतो. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.”